‘करमतं का?’ विचारणारे डॉक्टर

गौरव समितीचे चिटणीस वकीलसाहेब माझ्याकडे आले आणि म्हणाले, डॉक्टर दामोदर नानांच्या साठाव्या वर्षानिमित्त ग्रंथ निघतो आहे, तालमीच्या वतीने दोन पाने तुम्ही लिहा. मी मराठी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. या ग्रंथात हेडमास्तर, वकील आणि मुंबईचे डॉक्टर लिहिणार आहेत. त्यांच्या पंगतीत माझेही पान मांडले याचा आनंद आहे, पण तेव्हापासून माझी झोप गेली आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, कोणाचा मान राहून जाईल, भलतेच काही लिहिले जाईल, असे सारखे वाटते. तरी लिहितो. कारण एक गोष्ट मी लिहिली नाही, तर या ग्रंथात ती दुसरे कोणी लिहिणार नाही, हे मला आता कळून चुकले आहे. ती दोन पानांत मावत नाही. छापायचे असेल तर सबंध छापावे. मधले काढून कडेकडेचे ठेवायचे असेल, तर कागद परत पाठवावेत.

नानांची आणि माझी ओळख माझ्या भीतीने करून दिली. धुळ्यास देवपुरात पांझरेच्या काठी आमची तालीम आहे. मी तेव्हाही तिचा वस्ताद होतो. नाना मूळचे जळगावजवळच्या पिंप्राळ्याचे. मुंबईस डॉक्टरी शिकून ते नुकतेच देवपुरात आले होते आणि पुलाच्या अलीकडे त्यांनी दवाखाना उघडला होता. त्याच सुमारास माझे थोरले भाऊ जेवताजेवता ताटावरच गेले. त्यानंतर माझ्या छातीत धडधड सुरू झाली. मी पोरांना डाव दाखवायचो आणि मधेच कोपऱ्यात जाऊन मनगट धरून नाडी बघायचो. वस्ताद दवाखान्याची पायरी चढताना पोरांना दिसला तर तालीम बसेल, म्हणून मी भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, तोंडावर उपरणे घेऊन गेलो.

नानांनी नळी लावून छाती पुष्कळ वेळ ऐकली. मग नळी खाली ठेवली आणि विचारले, “जेवता कोणाबरोबर?”

मला वाटले, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी म्हणालो, “भाकरी, वरण आणि मिरचीचा ठेचा.”

“काय जेवता ते नाही विचारलं. कोणाबरोबर जेवता?”

भाऊ गेल्यापासून मी ताट उचलून मागच्या पडवीत एकटा जाऊन बसत असे. पंगतीत बसले की त्यांचा पाट दिसे. हे मी घरातही बोललो नव्हतो.

नाना म्हणाले, “वस्ताद, काळीज तुमचं बैलासारखं आहे. त्याला रोग नाही. तुम्हाला घोर लागला आहे.”

“मग औषध?”

“आजपासून नाडी बघायची नाही. नाडी बघणं हा माझा धंदा आहे, तुम्ही त्यात पडू नका. आणि उद्यापासून पोरांच्या पंगतीत जेवायचं. उद्या मीही येतो.”

आणि ते खरोखर आले. धोतर सावरून पोरांच्या ओळीत मांडी घालून बसले आणि आमच्या घरची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा जेवले. ठेच्याने डोळ्यांतून पाणी वाहू लागले, तरी पुन्हा मागून घेतला. पोरांना म्हणाले, “हे रोज खाऊन तुम्ही फक्त मातीच्या हौद्यातच भांडता, हे नवल आहे.” पहिलवान लोक काय खातात ते बघायला डॉक्टर आले, असे सगळ्यांना वाटले. मी त्यांच्याकडे रोगी म्हणून गेलो होतो, हे नानांनी त्या दिवशी कोणाला कळू दिले नाही, आजवर दिलेले नाही. मीच आज ते लिहिले. माझा घोर गेला असे म्हणणार नाही. हे लिहितानाही तो शेजारी बसला आहे. पण तेव्हापासून त्याला आणि मला दोघांना पंगत मिळाली.

खुराकावरून नानांचे गावाशी पहिले भांडण झाले. पहिलवान म्हटला की दूध, तूप आणि बदाम, अशी आमच्याकडे पक्की समजूत. ज्याच्या घरी म्हैस नाही त्याच्या पोराने लंगोट लावू नये, असे बोलणारे म्हातारे तालमीच्या ओट्यावर रोज बसत. नाना त्यांच्यातच जाऊन बसले आणि म्हणाले, बाजरी, कळणा, तूर, शेंगदाणे, मेथीची भाजी आणि ताक या खाण्यावर अंग कमावता येते, मी दाखवतो. एक म्हातारा म्हणाला, “डॉक्टर, बैलाला पेंड लागते, माणसाला बदाम.” नाना म्हणाले, “आणि तुमच्या बैलाची पेंड कशाची?” म्हातारा म्हणाला, “शेंगदाण्याची.” मग तो स्वतःच हसला आणि ओट्यावरून उठून गेला. हातमागावर बसणाऱ्यांची आणि गाडीवानांची पोरे त्यानंतर तालमीत येऊ लागली. त्यातली काही पुढे चाळीसगावपर्यंत कुस्त्या मारून आली. त्यांची नावे लिहिणाऱ्यांनी लिहावीत. मला पुढच्या गोष्टीकडे जायचे आहे. नाहीतर माझा धीर सुटेल.

नानांचे संशोधन म्हणजे काय, हे विद्वान मंडळी सांगतीलच. मला दिसले ते असे. संध्याकाळी दवाखाना बंद झाला की ते छत्री काखेत मारून गल्लीगल्लीतून फिरत. रोगी असो नसो, कोणाच्याही ओट्यावर बसत. आज काय खाल्ले, कसले कष्ट केले, हे विचारत. दोन-दोन वर्षे त्याच घरी, त्याच माणसांना विचारत. लोक म्हणत, डॉक्टर पुष्कळ शिकल्यामुळे विसरभोळे झाले आहेत, काल विचारलेले आज पुन्हा विचारतात. त्यांचा तिसरा एक प्रश्न होता. तोच पुढे त्यांच्या नावाला चिकटला. त्याचा उगम आमच्या घरात झाला, म्हणून तो सांगण्याचा अधिकार माझा आहे.

आमच्या कुटुंबाचे नाव तुळसाबाई. तिची पाठ फार दुखे. पहाटे उठून ती घरचे आणि तालमीचे दळण एकटी दळत असे. नानांनी तपासून चिठ्ठी लिहिली. ती घेऊन मी कंपौंडरकडे गेलो. त्याने चिठ्ठी वाचली, उलटी करून वाचली, मग कपाटाकडे बघितले आणि मला म्हणाला, “ही बाटली आपल्याकडे नाही.” चिठ्ठीत एवढेच होते : दळण एकटीने दळू नये, दोघींनी दळावे.

शेजारी गंगाअक्का राहत. लहानपणीच विधवा झालेल्या, घरात एकट्या. तुळसाबाईने त्यांना बोलावले. त्यांचे दळण आमच्या जात्यावर येऊ लागले. एका खुंट्याला दोन हात लागले. पहाटे मला जाग येई ती त्यांच्या ओव्यांनी, आणि ओव्यांपेक्षा जास्त त्यांच्या हसण्याने. जगातली अशी एक गोष्ट नसेल जिची त्या दोघींनी जात्यावर चेष्टा केली नाही. माझी तर रोज होई. तुळसाबाईची पाठदुखी उतरली.

मग देवपुरात पिठाची गिरणी आली. इंजिनाची फकफक नदीपलीकडे ऐकू जाई. बायकांनी गिरणीवाल्याला नारळ दिले आणि नानांनी स्वतः त्याच्या गळ्यात हार घातला. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे लोकांनी अशी हूल उठवली की डॉक्टर गिरणीच्या विरुद्ध आहेत आणि बायकांना पुन्हा जात्याला जुंपणार आहेत. ते खोटे आहे. नाना म्हणत, ज्याला जाते गोड वाटते त्या पुरुषाने आठवडाभर दळून बघावे आणि मग माझ्याशी बोलावे.

पण गिरणी आल्यावर काही महिन्यांनी बायका दवाखान्यात येऊ लागल्या. ताप नाही, खोकला नाही. अन्न गोड लागत नाही, दिवस सरत नाही, उगाच रडू येते. आमच्या घरीही तेच झाले. नानांनी विचार केला, की शरीराला होते ते कष्ट गेले, त्यांची जागा रिकामी पडली. तेव्हा तिथे व्यायाम घालावा. त्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या : रोज सकाळी घरात दार लोटून उठाबशा काढाव्यात.

बायकांनी डॉक्टरांचा शब्द मानला. दार लोटून, देवघरासमोर, एकटीएकटीने उठाबशा सुरू झाल्या. तुळसाबाई दिवसेंदिवस जास्तच सुकली. नाना चौकशीला आमच्या ओट्यावर आले तेव्हा ती भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. तशीच म्हणाली, “नाना, मी काय चोरी करी का? माले उठाबशा कसाले?”

नानांना कळेना. मी समजावून सांगितले की बायकांच्या लेखी उठाबशा म्हणजे शाळेतली शिक्षा, नाहीतर गणपतीपुढे कान धरून मागितलेली माफी. भरल्या घरच्या बाईने रोज सकाळी दार लावून एकटीने उठाबशा काढायच्या, म्हणजे तिच्या मनात एकच विचार येणार, की आपला काय गुन्हा झाला.

नाना म्हणाले, “मग गेलं काय नेमकं, तुळसाबाई? दळण तर सुटलं.”

तुळसाबाई म्हणाली, “दळण गयं ते बरं व्हयनं. पन गंगाअक्काबी गयी. आते माले करमत नही.”

नाना उठायच्या बेतात होते, ते पुन्हा ओट्यावर बसले. म्हणाले, “पुन्हा सांगा.” तिने पुन्हा सांगितले. त्यांनी छत्री बाजूला ठेवली आणि भाजीची दुसरी जुडी ओढून स्वतः निवडू लागले. जुडी संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मला वाटले, आता हे रागावले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तो नाना दारोदार हिंडत आहेत आणि प्रत्येक घरी सांगत आहेत, “मी चुकीचं सांगितलं होतं. ती चिठ्ठी चुलीत घाला.” दिलेले औषध चुकले म्हणून ते परत मागत गल्लीभर फिरणारा डॉक्टर मी तरी दुसरा पाहिलेला नाही. मुंबईच्या लेखकांनी पाहिला असल्यास त्यांनी लिहावे.

त्या दिवसापासून नानांचा तिसरा प्रश्न सुरू झाला : करमतं का? शब्द आपल्या सगळ्यांच्या तोंडचा आहे. पोर सासरहून पहिल्यांदा माहेरी आली की आई तिला सुखी आहेस का म्हणून विचारत नाही, करमतं का म्हणून विचारते. आमच्या खानदेशात कोणालाही ‘कसं काय’ विचारा, ‘बरं शे, बठ्ठं बरं शे’, म्हणजे सगळे बरे आहे, हेच उत्तर यायचे. घरात पीठ नसले तरी बरं शे, पोर तापाने फणफणत असले तरी बरं शे. पाहुण्याला वाईट सांगू नये ही आमची रीत. पण ‘करमतं का’ म्हणून विचारले की माणसाला खोटे बोलता येत नाही. बाई पदर तोंडाला लावते, पुरुष दुसरीकडे बघतो. नाना म्हणत, माझ्या नळीला जे ऐकू येत नाही ते या शब्दाला येते.

गिरणीवाल्या घरांत आणि जात्यावाल्या घरांत नाना मग वर्षानुवर्षे हा प्रश्न विचारत राहिले. त्यातून त्यांना जे दिसले ते त्यांनी मला तालमीच्या पायरीवर बसून साध्या भाषेत सांगितले. बाईला जात्याने मारले नाही आणि गिरणीने तारले नाही. जी सर्वांच्या मागून, एकटी, उरलेले खाते आणि दिवसभर कोणाशी हसत नाही, ती दूध प्यायली तरी वाळते. जिला आपला म्हणून एक तास आहे आणि त्या तासाला माणसे आहेत, ती कळण्याच्या भाकरीवर टिकते. तेव्हा गिरणी राहू द्यावी, पण गिरणीने वाचवलेला वेळ बाईचा बाईला परत द्यावा.

“तो कुठे द्यायचा?” मी विचारले.

नाना म्हणाले, “दुपारी तीन वाजता तुमची तालीम रिकामी असते.”

माझी धडधड पुन्हा सुरू झाली, हे सांगायला नकोच. तालमीत मारुती आहे. ओट्यावरचे म्हातारे आहेत. लाल मातीत ताक, तेल आणि हळद घालून ती मी हाताने चाळतो. तिथे बायका आल्या तर पोरे मातीला हात लावणार नाहीत, अशी माझी खात्री होती. ओट्यावर मोठी सभाच भरली. एक पुढारी म्हणाले, “डॉक्टर, ब्रह्मचारी देवासमोर बायका नाचवणार?” नाना म्हणाले, “त्याला आई होती ना? अंजनीमातेला तुम्ही दाराबाहेर उभं केलं असतं का?” पुढारी म्हणाले, “देवाची गोष्ट वेगळी.” नाना म्हणाले, “मग देवाचं नाव पुढे करू नका. तुमचं नाव सांगा. तुम्हाला नको आहे, असं म्हणा.” तसे म्हणायला कोणी पुढे आले नाही. तरी त्यांच्या दवाखान्यावर बहिष्कार पडला. कित्येक दिवस बाकडे रिकामे असे आणि कंपौंडर माश्या वारत बसे. नानांनी तीन वाजताचा तास बंद केला नाही. तालमीची किल्ली माझ्याकडे होती आणि मी रोज दार उघडत होतो.

तिथे काय चाले, याच्या पुष्कळ कंड्या पिकल्या. चालायचे ते असे. बायका झिम्मा खेळत, फुगड्या घालत, आट्यापाट्या खेळत, धावत, धापा टाकत, मग भिंतीला टेकून शेंगदाणे आणि गूळ खात. मातीच्या हौद्यात त्या कधी उतरल्या नाहीत, कडेच्या अंगणात खेळत. गंगाअक्का टाळ्या वाजवून ठेका धरीत. नानांचा नियम एकच होता. त्या तासात कोणी बाईला घरच्या कामासाठी हाक मारायची नाही, नवऱ्यानेही नाही. ते स्वतः कधी आत गेले नाहीत. भिंतीबाहेरच्या निंबाखाली, तालमीकडे पाठ करून बसत. दवाखाना तेवढा तास बंद. कोणी पुरुष बायकोला शोधत आला की ते त्याला शेजारी बसवून घेत आणि विचारत, “आज काय जेवलात?” त्यातले बरेच लोक पुढे बायकोला शोधायला नव्हे, नानांशी बोलायला येऊ लागले. बहिष्कार कधी संपला ते कोणाला कळले नाही. तास मोडायला आलेलेच निंबाखाली बसून आपली दुखणी सांगू लागले होते.

जळगावास एकदा डॉक्टर लोकांचा मेळावा होता. तिथे नानांना आपले निष्कर्ष वाचायला बोलावले होते. चाळीसगावला गाडी बदलायची, ती चुकेल म्हणून मी घोर करीत फलाटावर फेऱ्या घालत होतो आणि नाना बाकावर बसून एका हमालाला त्याच्या न्याहारीविषयी विचारत होते. मेळाव्यात नानांनी आपले वाचले. एक मोठे डॉक्टर मुंबईहून आले होते. ते उभे राहून म्हणाले, “आपला अभ्यास कष्टाचा आहे, पण हे ‘करमणं’ म्हणजे शास्त्रात काय? ते मोजायचं कसं?”

नाना म्हणाले, “आपण काल आलात. जळगावात करमलं का?”

ते गृहस्थ सहज म्हणून गेले, “खरं सांगायचं तर, नाही.”

“जेवण?”

“अर्धवट झालं.”

“झोप?”

“ती कुठली.”

“तब्येत तर आपली उत्तम दिसते,” नाना म्हणाले. “मग याला औषध कोणतं लिहून द्याल?”

सभेत हशा झाला. ते गृहस्थही हसले, आणि रात्रीचे जेवण आमच्याबरोबर पिंप्राळ्याला नानांच्या घरी येऊन जेवले. भरीत पुन्हा पुन्हा मागून घेतले. तरी नानांचा लेख पुढे कुठे छापला गेला नाही. त्यात शास्त्रीय शब्द कमी आहेत, असे कळवण्यात आले. नानांनी शब्द घातले नाहीत. ज्या बाईने मला हे शिकवले तिला समजणार नाही ते मी लिहिणार नाही, असे त्यांनी उलट कळवले.

आता मी ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो.

नानांच्या सत्काराबरोबर तालमीच्या जागी नवीन आरोग्यमंदिर उभे राहणार आहे. फरशी येणार, लोखंडी साधने येणार, दारावर नानांचे नाव येणार. चांगली गोष्ट आहे. चिटणीस वकीलसाहेब भला माणूस आहे आणि नानांवर त्यांची भक्ती आहे. ते मला म्हणाले, “आबा, लेखात दूधबदामाचं लिहा, कुस्त्यांचं लिहा. बायकांच्या तासाचं नको.”

“का बरं?”

“मोठे पाहुणे येणार, नको ती चर्चा होते. आणि नव्या फरशीवर फुगड्या शोभत नाहीत. तो तास तूर्त स्थगित ठेवायचं ठरलंय.”

“तूर्त म्हणजे कितपत?”

“तूर्त म्हणजे तूर्त, आबा. शब्दात काय धरता?”

मी म्हणालो, “साहेब, गिरणी आली तेव्हा गंगाअक्कासुद्धा आमच्याकडे तूर्तच येईनाशा झाल्या होत्या.”

वकीलसाहेब हसले. म्हणाले, “बरं, ते राहू द्या. इमारतीच्या कामासाठी किल्ली तेवढी समितीकडे द्या.”

“किल्ली कडदोऱ्याला बांधली आहे,” मी म्हणालो.

“मग कडदोरा सोडा.”

“तो माणूस मेल्यावर सोडतात.”

हे मी बोललो खरे, पण घरी येऊन मला अंथरूण धरावे लागले. माझे वय झाले आहे. नव्या इमारतीत माझ्यासारख्या माती चाळणाऱ्याला जागा असेल की नाही, ठाऊक नाही. समितीत गावातली सगळी वजनदार माणसे आहेत. त्यांच्याशी वाकडे घेणे माझ्या स्वभावात नाही. तरी किल्ली दिली नाही आणि देणार नाही.

पुढे समितीची मंडळी सत्काराची वेळ नक्की करायला नानांकडे गेली. मलाही नेले. वकीलसाहेब म्हणाले, “दुपारी तीन वाजता, तालमीच्या अंगणात. पाहुण्यांना संध्याकाळची गाडी गाठायची आहे.”

नाना म्हणाले, “तीन वाजता ती जागा माझी नाही, बायकांची आहे. त्यांना विचारा.”

“नाना, आपण चेष्टा करता.”

“वकीलसाहेब, दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत शिरायला परवानगी लागते, हे मी तुम्हाला सांगायचं का?”

वकीलसाहेबांना जावे लागले. दुसऱ्या दिवशी तीन वाजता ते तालमीच्या दारात जाऊन उभे राहिले. आत फुगडी चालली होती, ती थांबली. गंगाअक्का आता थकल्या आहेत. त्या काठी टेकत पुढे आल्या. वकीलसाहेबांनी सगळे सांगितले. गंगाअक्का म्हणाल्या, “या ना. कोन नही म्हनस? पन जोडा बाहेर. अन् आधी आमना तास व्हई, मंग तुमना हार.”

“अहो, पण तोवर पाहुण्यांनी काय करायचं?”

“बसतीन. बसानंबी काम शे.”

मागून आमची तुळसाबाई म्हणाली, “अन् नही करमनं ते बाहेर नाना शेतस. औषध देतीन.”

सगळ्या बायका हसल्या. वकीलसाहेबांना हसू आवरेना. पत्रिकेत आता तसेच छापले जाणार आहे : तीन वाजता महिलांचा तास, त्यानंतर सत्कार. एवढे झाले. पण पुढचे, नव्या इमारतीच्या नियमांचे, अजून तूर्तवरच लटकले आहे. नानांच्या नावाच्या दारावर नानांनीच सुरू केलेला तास बाहेर थांबणार असेल, तर तो हार आपण कोणाच्या गळ्यात घालणार आहोत, हे समितीने सांगावे. मी अडाणी माणूस आहे, मला समजावून सांगावे लागेल.

अजून एकच सांगतो. नानांचे कुटुंब फार लवकर गेले. पुन्हा लग्न त्यांनी केले नाही. मुले नाहीत. आयुष्यभर त्यांनी गावाला करमतं का म्हणून विचारले, पण त्यांना कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. मीही नाही. ‘नाही’ असे उत्तर मिळेल या भीतीने असेल. परवा निंबाखाली आम्ही दोघेच बसलो होतो, भिंतीला पाठ करून. मी धीर करून विचारले, “नाना, तुम्हाला करमतं का?”

आत झिम्मा चालला होता, कोणीतरी पडले असावे, बायका मोठ्याने हसल्या. नाना म्हणाले, “तीन वाजता करमतं.”

हा ग्रंथ वाचणाऱ्या सर्वांना आणि समितीला माझे हात जोडून सांगणे आहे, की नानांना काय द्यायचे ते त्यांनी स्वतःच सांगितले आहे. शालजोडी द्या, दारावर नाव कोरा, सगळे करा. पण तो तास त्यांच्यापासून काढून घेऊ नका. किल्ली माझ्या कमरेला आहे आणि माझ्यानंतर ती तुळसाबाईकडे जाईल. तिच्याकडून ती कोणी घेऊन दाखवावी.

नाना, प्रकृती तुम्ही सांभाळालच, ते तुम्हाला आम्ही सांगू नये. किती वर्षे द्यायची ते देव बघेल. मी त्याच्याकडे एवढेच मागतो, की तुमच्या आयुष्यात अजून पुष्कळ वेळा दुपारचे तीन वाजोत.